तिथून चाळीस टक्के

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा बघू. एक उंच खोली आहे. भिंतीला टेकून लाकडी चौकटींत काचा उभ्या आहेत, काही तुमच्याएवढ्या, काही दारापेक्षा उंच. मधल्या टेबलावर जाड कापड अंथरलंय. एक माणूस पट्टी धरून काचेवरून कटर ओढतो, बारीकशी किर्र होते, मग तो खालून हलकेच टिचकी मारतो आणि काच सरळ रेषेत दुभंगते. दिसलं? आता त्याच्या उजव्या हाताकडे बघा. तळव्यावरून मनगटापर्यंत एक व्रण गेलाय.

हे छोटीचे बाबा. छोटी सहावीत होती. घसरणारी काच बाबांनी झेलायला नको होती, पण झेलली, आणि हाताची शीर तुटली. ऑपरेशन झालं. तेव्हापासून कापायचं काम ते करत, उचलायचं मात्र नाही. मोठी काच जिन्यावरून चढवायची तर दोन माणसं लागतात, एक वर, एक खाली. पूर्वी वर बाबा असायचे आणि खाली काका, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. हल्ली बाबांच्या जागी कारखान्यातला एक उंच गडी जायचा. बाबा खिडकीतून बघत राहायचे, आणि त्या दिवशी घरी कुणाशी धड बोलायचे नाहीत.

हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई बाबांना एक यंत्र दाबायला लावत. किती जोरात दाबलं, ते काटा दाखवायचा. त्या दिवशी छोटीही सोबत गेली होती. काटा बघून बाई हसल्या.

"छान! ऑपरेशननंतर तुमची पकड चाळीस टक्क्यांनी घसरली होती. तिथून ती आता चाळीस टक्क्यांनी वाढलीय."

जड उचलू का, हे बाबांनी विचारलंच नाही. विचारलं असतं, तर 'नाही' ऐकावं लागलं असतं.

घरात पाऊल टाकताच ते आईला म्हणाले, "ऐकलंस का? चाळीस गेले, चाळीस आले. फिट्टंफाट! उद्या दुकानाची मोठी काच चढवायचीय, मी जातोय वर."

आईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड आला. "खरंच? देव पावला बाई!"

छोटी मात्र जेवताना घास चिवडत बसली. बाईंच्या बोलण्यातला एक शब्द बाबांनी वाटेत सांडला होता.

"बाबा," ती म्हणाली, "बाई 'तिथून' म्हणाल्या होत्या."

"कुठून?"

"तिथून. खाली आली होती ना पकड, तिथून वाढली. आधी शंभर धरा. चाळीस गेले, उरले साठ. मग जे चाळीस टक्के वाढले, ते साठाचे. दर दहाला चार. साठात सहा दहा. सहा चोक चोवीस."

"वा, मास्तरीणबाई! बापाचीच परीक्षा घेताय?" बाबा हसले, पण हात थांबला होता.

"साठ आणि चोवीस, चौऱ्याऐंशी. शंभर नाही झाले."

बाळांनो, इथे पुष्कळ मोठी माणसंही फसतात बरं. चाळीस आणि चाळीस दिसायला जुळी भावंडं. पण टक्के ऐकले की आधी विचारायचं, कशाचे? पहिले चाळीस शंभराचे होते, दुसरे साठाचे. जुळी कसली, साधी सारखीसुद्धा नाहीत.

बाबांनी हे ओळखलं. ताट सारून त्यांनी उजव्या हाताची मूठ वळून बघितली. मग हळूच म्हणाले, "सोळाच तर कमी आहेत, छोटे. अंदाज आहे मला काचेचा. काकाला मात्र बोलू नकोस. तो मला परत टेबलापाशी बसवेल. तिथे बसून बसून मी..."

आईने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा छोटीकडे, आणि ताटं उचलली.

अंथरुणात पडल्यावर छोटीला जिना दिसत राहिला. वर बाबा, मधे काच, खाली काका. काच सुटली तर ती वर जाणार नव्हती. आणि पाठीमागून काकाला सांगावं, तर बाबांना वाटणार, पोरीनेही दगा दिला.

सकाळी काका दारात आला. हातमोजे खिशात कोंबलेले, तोंडात नेहमीची थट्टा.

"काय वहिनी, आमचा पहिलवान तयार झाला का? दादा, हात झाला ना पूर्ववत? नीट सांग हां, खाली माझं डोकं असतं. लग्न व्हायचंय माझं अजून!"

बाबांनी बुटाची नाडी बांधायला घेतली. "झाला की," ते खाली मान घालून म्हणाले.

आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. काका गाडीची किल्ली बोटावर फिरवत वळलासुद्धा.

छोटी उठली. ती काकाकडे गेली नाही. आधी बाबांच्या शेजारी जमिनीवर बसली, त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि त्यांच्यासमोरच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काका, थांब. बाबांच्या जोडीला वर तिसरा माणूस बोलाव."