विचारून घेतलेला उजेड

मी रफूचं काम करते. काळ्या कोटाला काळा धागा जुळवायचा तर दिवसाचा उजेड लागतो. दिव्याखाली काळा आणि गडद निळा सारखेच दिसतात. माझा उजेड मागच्या खिडकीतून यायचा. खिडकीबाहेर शेजारच्या काकांची मोकळी जागा होती. काका गेले, मुलाने जागा बिल्डरला विकली आणि खिडकीला खेटून भिंत चढू लागली.

भिंत थांबवायला आम्ही दावा लावला. कोर्टाच्या खेपा घालून जीव मेटाकुटीला आला. आमच्या वकीलबाई मात्र खात्रीने सांगायच्या, खिडकीतून वर्षानुवर्षं बिनतक्रार उजेड येत असला की तो हक्क होतो. फक्त तो परवानगी मागून घेतलेला नसावा. मागून घेतला, तर ती मेहेरबानी.

हे ऐकलं आणि मला आमची खिडकी कशी निघाली ते आठवलं. माझा नवरा, म्हणजे आमचे हे, स्वतःच्या घरातही दार वाजवून आत येणारा माणूस. भिंतीत खिडकी काढली तेव्हा हे काकांना विचारून आले होते. पुढेही खिडकी रंगवायची असो की झडप बदलायची, हे आधी काकांकडे. साक्षीला जाताना मी बजावलं, एवढं एक विसरा. ह्यांनी मान डोलावली.

समोरच्या वकिलाने सहज विचारल्यासारखं विचारलं, शेजाऱ्यांची परवानगी घेतली होती का?

"घेतली होती," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "दरवेळी विचारलं. काका म्हणायचे, खुशाल घ्या उजेड."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. बाहेर पायऱ्यांवर मी म्हटलं, "जगाला विचारत फिरलात, एकदा मला विचारायचं होतंत." मला इतका राग आला होता की मी ह्यांच्या पुढे पुढे चालत घरी आले.

खटला हरलो. भिंत पुरी झाली. आता भरदुपारी खोलीत अंधार असतो. काळं कापड मी घेत नाही, जुनी गिऱ्हाइकं हळहळतात आणि दुसरीकडे जातात. राग कधीच ओसरला, नुसता थकवा उरलाय.

परवा पांढरा सदरा घेऊन बसले, तर सुईत धागा जाईना. हे येऊन दिव्याच्या बटणावर हात ठेवून उभे राहिले.

"दिवा लावू का?"

"लावा. आणि आता विचारत जाऊ नका."

ह्यांनी दिवा लावला. माझ्या हातातली सुई न विचारता घेतली आणि धागा ओवायला बसले. त्यांनाही दिसत नव्हतं.