सहीचा हात

नाबोरने दगडावरची मोगरी उचलली, हातात तोलून पाहिली आणि विचारलं, "ऑक्टोपस कुटायची का हो, काका?"

"ऑक्टोपसचीच." एव्हारिस्तोने तोंडातलं रक्त वाळूत थुंकलं. "तुझ्या आजोबांनी करून दिलेली."

"तरीच जड आहे."

ट्रकमधून उतरलेल्या दोन परगावच्या माणसांनी एव्हारिस्तोला त्याच्याच होडीच्या काठावर वाकवून धरलं होतं. टोळीतला चौथा माणूस वकील होता. पांढऱ्या बुटांना ओली वाळू लागू नये म्हणून तो दोन पावलं मागे, कोरड्यात उभा होता. काखेत त्याने कागदांची फाइल धरली होती.

"उजवा नको," वकील म्हणाला. "उजव्याने सही करायचीय. डावा घ्या."

नाबोरने डावा हात घेतला आणि करंगळी होडीच्या काठावर नीट सरळ करून ठेवली. लहानपणी याच किनाऱ्यावर एव्हारिस्तोने त्याला बेसबॉल शिकवला होता.

"काका, सही करून टाका ना. माझ्यावर कशाला ही पाळी आणता?"

"तुझ्यावर तुझ्या पोटाने आणलीय. मी नाही."

मोगरी खाली आली. एव्हारिस्तो तोंडातून आवाजसुद्धा न काढता उभा राहिला, असं पुढे गावात सांगितलं गेलं. ते खोटं आहे. तो असा ओरडला की होडीच्या टोकावरचे पेलिकन उडून गेले आणि पलीकडे जाळी सांधणारी माणसं जाळी तिथेच टाकून घरात शिरली. त्यांतल्या एकानेही मागे वळून पाहिलं नाही.

"टेकडीवरचं घर तुमच्या नावावर आहे," वकील शांतपणे म्हणाला. "हॉटेलसाठी खालची सगळी घरं गेली. तुमचं एकच अडून बसलंय. ते कुणाचं आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण सरकारी दप्तर शेंबड्या पोराला विचारत नाही, ते तुमचं नाव वाचतं."

"विकायचं नाही."

"सही झाली की तो कॅनडावाला म्हातारा घुसखोर ठरतो. मग त्याचं काय करायचं ते आम्ही बघू. तुमच्यावर काही येणार नाही. आज त्याला हात लावला तर त्याच्या देशाची वकिलात फोन करते, पेपरात येतं. उद्या घुसखोराला हात लावला तर कोण विचारतो?"

"म्हणूनच विकायचं नाही."

वकिलाने नाबोरकडे पाहून मान हलवली. करंगळीशेजारचं बोट मोगरीच्या दुसऱ्या घावाला मोडलं. तेव्हा मात्र एव्हारिस्तो ओरडला नाही, कारण त्याची शुद्ध गेली होती.

"शनिवारी येतो," जाताना वकील म्हणाला. ते ऐकायला शुद्धीत फक्त नाबोर होता. मोगरी जिथली तिथे, दगडावर ठेवून तोही ट्रकमध्ये चढला.

होडी गुरुवारी पहाटे जळाली. फायबर जळतानाचा घाणेरडा वास दुपारपर्यंत घरात भरून राहिला होता. एर्लिंदा मागच्या अंगणात मासे साफ करत होती. शेजाऱ्याने दयेपोटी दिलेले मासे होते, आणि दयेचे मासे साफ करताना तिची सुरी नेहमीपेक्षा जोरात चालत होती.

"सही कर आणि मोकळा हो," ती नवऱ्याला म्हणाली. "घर कुणाचं? त्याचं. नाव कुणाचं? तुझं. आणि बोटं कुणाची मोडली, तेवढं सांग."

"कंपाद्रे आहे तो."

"कंपाद्रे असला की चर्चमध्ये मेणबत्ती धरायची असते. मार खायचा नसतो, मूर्खा."

"तुला नाही कळायचं."

"मला नाहीच कळायचं. मला फक्त भाकरीचं पीठ संपलेलं कळतं."

अठरा वर्षांपूर्वी लॉर्न नावाचा हा माणूस बायको ग्वेनला घेऊन, कॅनडातल्या सस्कॅच्वानची थंडी सोडून या खाडीवर आला आणि टेकडीच्या प्रेमात पडला. समुद्राकाठच्या पट्ट्यात परदेशी माणसाच्या नावावर जमीन चढत नाही. त्याने बँकेचा ट्रस्ट करायचा, मालक बँकेने व्हायचं, राहायचं याने, आणि त्या राहण्याची दक्षिणा दरवर्षी बँकेच्या पायाशी ठेवायची. वर कर्ज मागितलं तर इथली बँक परक्या म्हाताऱ्याकडे असं बघते, जसं जावयाने पुन्हा हुंडा मागितलाय. लॉर्नने गावाकडचं राहतं घर गहाण टाकून पैसा आणला. ट्रस्टचा खर्च वाचवायला त्याने या किनाऱ्यावर अर्धे गोरे करतात तेच केलं. इथला एक विश्वासाचा माणूस गाठून त्याचं नाव उसनं घेतलं.

तो माणूस एव्हारिस्तो. गाव हसलं. गोऱ्याचा बँकेवर विश्वास नाही आणि एव्हारिस्तोवर आहे म्हणे! एव्हारिस्तोला मात्र त्या हसण्याचासुद्धा अभिमान वाटला. आयुष्यात त्याच्याकडे कुणी मोटारीची किल्लीही सोपवली नव्हती. दर जानेवारीत तो इस्त्रीचा शर्ट घालून नगरपालिकेत घरपट्टी भरायला जाई. पैसे लॉर्नचे, रांग याची. "या, बंगलेवाले," असं कारकून म्हणाला की तो ऐटीत सही करी. खरेदीच्या दिवशी लॉर्नने त्याच्यापुढे आणखी एक कागद सरकवला होता. मुखत्यारपत्र. तुम्ही समुद्रावर असलात तर माझी कामं अडायला नकोत, म्हणाला. एव्हारिस्तोने तोही न वाचता सही करून दिला आणि विसरून गेला.

त्याच वर्षी एव्हारिस्तोच्या मुलीचा, नेरेइदाचा बाप्तिस्मा झाला आणि लॉर्न तिचा धर्मपिता झाला. मुलीचा बाप आणि धर्मपिता एकमेकांचे कंपाद्रे होतात. हे नातं सख्ख्या भावापेक्षा कडक. त्या दिवसापासून अरे-तुरे बंद. कंपाद्रेशी खोटं बोलायचं नाही आणि काही झालं तरी त्याच्यावर हात उगारायचा नाही. दारू पिऊन भावाभावांत सुरे निघतात, त्याचं इथे कुणाला नवल नाही, पण कंपाद्रेला मारणाऱ्याच्या प्रेताला खांदा द्यायलाही कुणी येत नाही. नेरेइदा आता एन्सेनादा शहरात नर्सिंग शिकते. तिची फी लॉर्न भरतो.

लॉर्न गुरुवारी संध्याकाळी आला. हातात औषधांची पिशवी होती आणि डोळे लाल झाले होते. एव्हारिस्तो अंगणात दगडाशी बसून त्याच मोगरीने, एका हाताने ऑक्टोपस कुटत होता. डाव्या हाताला एर्लिंदाने फळीचे तुकडे बांधले होते. त्यातून बाहेर आलेली बोटांची टोकं जांभळी पडली होती.

"अरे देवा," लॉर्न म्हणाला. "पोलिसात जाऊ, कंपाद्रे. आत्ता."

"पोलिसांच्याच गाडीच्या मागून आला होता त्यांचा ट्रक. बसा तुम्ही."

लॉर्न उलट्या टोपलीवर बसला. एव्हारिस्तोला त्याच्या चेहऱ्याकडे बघून वाईट वाटलं. आपली बोटं मोडलीत याचा त्याला क्षणभर विसरच पडला.

"घाबरू नका. सही केलेली नाही. शनिवारी येणार आहेत, तेव्हाही करणार नाही. माझा मुडदा पाडला तरी घर तुमचंच राहील."

लॉर्नने टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"कंपाद्रे," तो शेवटी म्हणाला, "सही केली असती तरी चाललं असतं."

"म्हणजे?"

"घर आता तुमच्या नावावर नाही."

पलीकडे मासे चिरणाऱ्या एर्लिंदाची सुरी थांबली.

लॉर्न मग भराभर बोलू लागला. त्याची भाषा एरवीच तोडकीमोडकी, त्यात घाई. तिकडे गावाकडच्या कर्जाचं व्याज वाढलं, हप्ते झेपेनात. सीमेपलीकडे एक सावकारी कंपनी आहे, ती परदेशातल्या घरावर लांब मुदतीचं कर्ज देते, पण घर बँकेच्या ट्रस्टमध्ये असेल तरच. "तुमचं मुखत्यारपत्र होतं माझ्याकडे. तुमच्या वतीने घर ट्रस्टला द्यायची सही मीच केली. सरकारी दप्तरात नोंद चढायला महिने लागतात. म्हणून त्या लोकांना अजून कळलं नसेल."

"कधी केलीत?"

"नाताळाच्या आधी, लॉबस्टरचा हंगाम सुरू झाला तेव्हा."

एव्हारिस्तोने मनातल्या मनात मागे जाऊन पाहिलं.

"म्हणजे जानेवारीत मी शर्टाला इस्त्री करून रांगेत उभा होतो, तेव्हा..."

लॉर्नने मान खाली घातली.

"सांगितलं का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. वाटलं असतं, माझा विश्वास उडाला."

"उडाला होता?"

"तसं नव्हे. मी सत्तरीचा झालो. उद्या तुम्हाला काही झालं, तर घर नेरेइदाकडे जाणार. ती चांगली मुलगी आहे. पण तिचा नवरा कोण येईल, कसा येईल, काय सांगावं..."

एव्हारिस्तो उठला. मोगरी त्याच्या हातातच होती. ती डोक्यावर गेली तशी लॉर्नने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि टोपलीसकट तो मागे कोलमडला. मोगरी खाली आली ती ऑक्टोपसवर. पुन्हा आली. मग एव्हारिस्तो मारतच सुटला. मांस फाटलं, त्याचा लगदा झाला, दगडाचा कोपरा उडून लॉर्नच्या गालाला लागला आणि तिथून रक्ताची बारीक धार निघाली. तरी तो थांबेना. बांधलेला डावा हात झटक्यासरशी हलत होता आणि प्रत्येक झटक्याला त्याच्या तोंडून शिव्या नव्हे, नुसता श्वास बाहेर पडत होता. कंपाद्रेवर हात उगारायचा नसतो, म्हणून एका मेलेल्या जनावराला त्याने दुसऱ्यांदा ठार मारलं.

दम लागला तेव्हा तो थांबला.

"शनिवारी त्यांना सांगा ना, घर बँकेचं आहे म्हणून," लॉर्न जमिनीवरूनच म्हणाला. "बँकेला कोण हात लावणार?"

"तुम्ही सांगा. शनिवारी खाली या, माझ्या शेजारी बसा आणि तुमच्या तोंडाने सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, जीव वाचवायला खोटं बोलतोय."

"मी... ग्वेन वर एकटी असते. आणि माझी भाषा ही अशी." लॉर्न उठून कपडे झटकू लागला. "बघतो, कंपाद्रे. नक्की बघतो."

औषधांची पिशवी दगडाजवळ ठेवून तो गेला. एर्लिंदाने ती उचलली नाही.

शनिवारी जेवणाच्या वेळेला ट्रक आला. लॉर्न आला नव्हता. एर्लिंदाने चुलीवरचं घेवड्याचं भांडं खाली उतरवलं आणि ती दारात आडवी उभी राहिली. हातात तिची माशांची सुरी होती.

"तिला बाजूला करा," वकील म्हणाला.

"एर्लिंदा, आत हो," एव्हारिस्तो म्हणाला. मग वकिलाकडे वळून त्याने विचारलं, "पेन आणलंय?"

वकिलाने आधी नाबोरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. फाइल उघडताना त्याने पहिल्यांदाच पांढरे बूट चिखलात घातले.

एव्हारिस्तोने उजवा हात साबणाने धुतला, पुसला. टेबलाशी बसून त्याने एकेका पानावर पूर्ण नाव लिहून सही केली. घाई केली नाही. नगरपालिकेच्या रांगेत करायचा तशीच, शेवटच्या अक्षराची शेपटी वळवून.

"छान सही आहे," वकील म्हणाला. "एवढंच करायचं होतं. बोटं उगाच गेली."

"हो. उगाच गेली."

"म्हातारा आहे का वर?"

"दोघंही आहेत. शनिवारी कुठे जात नाहीत." तो जरा थांबला. "फाटक आतून लावतात. वरच्या बिजागरीवर खांदा मारला की उघडतं. मीच बसवलंय ते."

वकील हसला. बाकीचे ट्रककडे वळले. नाबोर दाराशी घुटमळला. त्याची नजर अंगणातल्या दगडावर गेली होती.

"काका, मोगरी नेऊ का? परत आणून देतो."

"ने. तुझ्या आजोबांचीच आहे."

ट्रक सुरू झाला आणि टेकडीच्या वाटेला लागला. इतके दिवस सही कर, सही कर म्हणणारी एर्लिंदा भिंतीला पाठ लावून हे सगळं बघत होती. आता तिने सुरी टाकली आणि फडताळावरचा फोन झडप घालून उचलला.

"वळणं आहेत, त्यांना वेळ लागेल. मी ग्वेनला सांगते, मागच्या बाजूने निघा म्हणून." तिला ग्वेनचा नंबर सापडेना. "एव्हारिस्तो, नंबर कुठेय? काय झालंय तुला? कंपाद्रे आहे ना तो तुझा?"

एव्हारिस्तोने खुर्ची टेबलाजवळ ओढली. बांधलेला हात मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताने ताट पुढे घेतलं.

"घेवडा गार होतोय," तो म्हणाला. "आधी वाढ."