वाकलेली साखळी

या, असे जवळ सरका. मागं बसून पेंगणाऱ्यांसाठी ही गोष्ट नाही. देवाला हजार नावांनी हाक मारा, तो रागवत नाही. बाटलीचं तसं नसतं. हे न कळणारा एक विद्वान मला ठाऊक आहे.

तो एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेचा प्रमुख. डॉक्टरसाहेब म्हटल्याशिवाय त्याची मान वळत नसे. रसायनांचं कपाट तिथल्या शिपाई मावशी सांभाळत, बावीस वर्षं. वर्गाच्या दाराशी उभं राहून ऐकलेलं सगळं त्यांनी डोक्यात जपलं होतं.

एकदा एका बाटलीचं लेबल गळून पडलं. सोबतच्या जुन्या कागदावर कार्बनची आकृती तेवढी शिल्लक. कपाटाची यादी उघडून बघणं साहेबांना कमीपणाचं वाटलं. कागदावर रांग सरळ दिसली तिथवर मोजली, चार. वर उभे दोन म्हणजे शाखा. नव्या लेबलावर दिलं ठोकून, ‘२-इथिलब्युटेन’. साखळी वाकली तरी साखळीच, आणि नावासाठी धरायची ती सर्वांत लांब, हा पहिल्या आठवड्याचा धडा. पण गर्वाला वळण दिसत नाही.

महिन्याभरानं तपासणीला एक बाई आल्या. यादीत ३-मिथिलपेंटेन होतं, कपाटात नव्हतं. साहेबांनी लगेच मावशींकडे बोट दाखवलं. यांनीच बाहेर विकलं असणार, आजच काढून टाकतो म्हणाले. मावशींच्या निवृत्तीला सात महिने उरलेले, आणि घरी जायचं ते चोर म्हणून.

मावशी कपाटाकडे गेल्या. त्यांनी ती बाटली टेबलावर ठेवली, जुना कागद पसरला आणि शाखेतून वळत वळत पेन्सिलीनं एक ते पाच आकडे घातले. साहेबांनी ज्याला पहिला मान दिला होता, तोच कार्बन शाखा निघाला.

“साहेब, पाचाची साखळी आहे ही, तिसऱ्यावर एकाच कार्बनची शाखा, म्हणजे मिथिल. यादीतली बाटली हीच, कुठं गेली नाही. नाव तुमचं चुकलंय.”

तपासणीच्या बाईंनी दोनदा मोजलं. मग साहेबांना शांतपणे विचारलं, “हे तुम्ही शिकवता?”

साहेब म्हणाले, कर्मचाऱ्यांची परीक्षा घ्यावी म्हणून मुद्दामच केलं होतं. बाईंनी त्यांच्याच हातून नवं लेबल लिहून घेतलं आणि चोरीचा आरोप लेखी मागे घ्यायला लावला. दुसऱ्या दिवशी फलकावर साहेबांच्या सहीची सूचना झळकली, लेबलांबाबत कर्मचाऱ्यांनी दक्षता घ्यावी. याला विद्वत्ता म्हणायचं तर खुशाल म्हणा.

तुम्ही मात्र एखाद्या बाटलीवरचं लांबलचक नाव वाचाल तेव्हा क्षणभर थांबा, आणि सात महिन्यांनी ताठ मानेनं घरी गेलेल्या मावशींना मनोमन एक नमस्कार करा.