कळ्या गळून राहिल्या

कळी पिवळी पडलेली, देठाशी मात्र अजून हिरवी... रांजणाजवळच्या कुंडीखाली, ओल्या गोणपाटावर ती पडली होती. नर्मदाबाईंनी ती उचलली. काल एक गळाली, आज ही. हे उठायच्या आत पदरात लपवावी, असं मनात येण्याआधीच हात पदराकडे गेला होता. लपवायची सवयच झाली होती हाताला.

जाईनं दूर पूर्वेच्या डोंगरातल्या, कालिम्पोंगकडच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून बापलेकीतलं सगळं बोलणं नर्मदाबाईंच्या तोंडून व्हायचं. उकंडराव म्हणायचे, "तिला म्हणाव, मेली आमाला," आणि त्या फोनवर सांगायच्या, आबा तुझी चौकशी करत होते. जाई चिडून काही बोलली, तर इकडे पोचायचं ते निराळंच. मी खोटं नव्हते बोलत... माशातले काटे काढून लेकराला घास द्यावा, तेवढंच.

दिवाळीत जाई कळमनुरीला मामाकडे आली, घरी कुरुंद्याला नाही. जाताना हे ऑर्किडचं झाड भेटायला गेलेल्या आईच्या हाती दिलं – थंड डोंगरातलं, नुकताच फुलांचा कोंब दिसू लागलेलं. उकंडरावांनी ते फेकलं नाही. हळदीसारखं काळ्या मातीत लावलं, भरपूर पाणी घातलं, आणि पानं पिवळी पडली तेव्हा – हा माणूस, ज्याला जन्मात कधी दम धरता आला नाही – कुंडीशी उकिडवा बसून म्हणाला, "तिला इचार, काहून असं होऊन राहिलं." मग नर्मदाबाईंकडूनच निरोप गेले-आले. माती काढा. कुजलेली मुळं कापा, पांढरी घट्ट तेवढी ठेवा. नारळाच्या सालीचे तुकडे घाला, कोळसा घाला. रात्री उघड्यावर ठेवा. आणि त्या रागीट हातांनी एकेक मूळ धुतलं, तान्ह्याचं जावळ धुवावं तसं. नर्मदाबाई दारातून बघत राहिल्या होत्या. एवढा संसार झाला, हे हात मी कुठं बघितले होते?

"गळाली व्हय?" उकंडराव मागे उभे होते. त्यांनी कळी घेतली. मग कोनाड्यातला फोनही घेतला, आणि स्वतःच लावला.

"जाई, मी बोलून राहिलो."

पलीकडचा आवाज नर्मदाबाईंनाही ऐकू आला. "बोला, आबा."

"कळ्या गळून राहिल्या."

"भिंतीजवळ ठेवलंय का? दिवसभर तापलेली भिंत रातच्याला त्याला गार होऊ देत न्हाई. लांब सरकवा. उरलेल्या फुलतील. पण आबा, तिथला उन्हाळा त्याला सोसायचा न्हाई."

"मग दिलं कशाला असलं?"

हे असं नर्मदाबाईंनी कधीच पोचवलं नसतं...

"माझं काहीतरी घरात असावं म्हणून. वाटलं, तुमी फेकाल."

"फेकणारच होतो."

"मग?"

"दोन मुळं चांगली होती."

आता बोलणं तुटेल, असं वाटून नर्मदाबाईंनी खांब धरला. पण जाई विचारत होती, सावली कुठल्या बाजूला असते. आणि हे – कुणाचं म्हणून न ऐकणारे – फोन कानाशी दाबून, मान हलवत, एका हातानं कुंडी भिंतीपासून ओढत होते. किती सरळ बोलत होती दोघं. किती धीट. नर्मदाबाईंना त्यांचा अभिमान वाटला, आणि त्याच्या मागोमाग काहीतरी रिकामं, ज्याला नाव देता येईना.

आत चहा उतू जात असावा. त्यांचा पाय हलेना. 'माय कुठंय' असं जाईनं विचारावं, असं त्यांना वाटत होतं – आणि इतक्यात विचारू नये, असंही.