उंबरखोलच्या पालखीची बोली

लिलावात आधी तोंड उघडणारा हरतो, हे दर्शनाने वाडीला शिकवलं, आणि नेमकं तेच शिकवायला नको होतं.

शिकवायला तिच्याइतकं लायक माणूस उंबरखोलात दुसरं नव्हतं. फाट्यावर तिचं ई-सेवा केंद्र. गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग उघडतं त्या सकाळी मुंबईतले चाकरमानी तिथले एजंट सोडून दर्शनाला फोन करतात. भल्याभल्यांच्या स्क्रीनवर चक्र गरगरत राहतं, आणि हिची तिकिटं निघालेली असतात. तेव्हा पालखीचा लिलाव ऑनलाइन आहे म्हटल्यावर वरच्या वाडीच्या बैठकीत सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. एरवी त्याच बैठकीत चहा पुढे करण्यापलीकडे तिला काम नसायचं.

पालखीचं प्रकरण असं. देवळाचा जीर्णोद्धार झाला, कौलं जाऊन स्लॅब आला, फरशी आली, आणि त्या उत्साहात समितीने फणसाच्या लाकडाची कोरीव जुनी पालखी मुंबईच्या एका जुनं सामान घेणाऱ्याला विकून टाकली. नवी आली ती चांदीच्या पत्र्याची, आणि तिचे पैसे दिले खालच्या वाडीच्या मुंबईकरांनी. शिमग्यात पालखीचा पहिला खांदा पिढ्यान् पिढ्या वरच्या वाडीचा. पण खालची वाडी म्हणाली, पालखी आमची, तर खांदाही आमचा. त्यावरून दोन शिमगे डोकी फुटली. एकदा तर देवीला पोलिसांच्या बंदोबस्तात सहाणेच्या चौथऱ्यावर नेऊन बसवावं लागलं. देवीला काय वाटलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक.

आणि मग जुनी पालखी लिलावाच्या साइटवर दिसली, चांगल्या चार बाजूंनी काढलेल्या फोटोंसकट. वरच्या वाडीला ती हवी होती, कारण ती आली की देवी पुन्हा तिच्यात बसणार आणि गेलेला मान परत येणार. खालच्या वाडीला ती हवी होती, ती वरच्या वाडीला मिळू नये म्हणून. खालच्या वाडीकडून बोली लावणार होता रितेश. त्याने मोबाइलच्या स्टेटसवर तसं जाहीरच करून टाकलं होतं. हा रितेश म्हणजे दर्शनाचा पाठचा भाऊ. ती खालच्या वाडीची लेक आणि वरच्या वाडीची सून.

बैठकीत तिने सगळं नीट समजावून सांगितलं. आपला शेवटचा आकडा टाकला की साइट तो लपवून ठेवते आणि समोरच्यापेक्षा एक पायरी वर आपल्याला नेऊन ठेवते. पण आधीच टाकला तर समोरच्याला चेव येतो, तो चढत जातो. म्हणून गप्प बसायचं. घड्याळ संपायला पाच सेकंद उरले की बोट दाबायचं. त्याला उत्तर द्यायला वेळच राहत नाही, आणि ही साइट काही वेळ वाढवून देत नाही.

दर्शनाचा नवरा दीपक, त्याचा काका सखाराम हा वाडीचा पुढारी. माणूस शाळेत चौथीपुढे गेला नव्हता, पण स्वतःच्या उपयोगाचं तेवढं झटकन उचलायचा.

"म्हंजे शेवटल्या मिंटाला त्याचं बोट चालता नये. येवढंच ना?" त्याने विचारलं.

दर्शना हो म्हणाली. कुणीतरी आपलं बोलणं इतक्या लवकर समजून घेतंय याचं तिला बरंच वाटलं.

रविवारी दुपारी तीनला लिलाव संपायचा होता. जेवणं आटोपून ती केंद्रात येऊन बसली. शटर अर्धं खाली ओढलं, पंखा लावला. पालखीवर तेव्हा रितेशची एकच बोली होती, फारशी मोठी नाही. वाडीने गोळा करून तिच्या खात्यात भरलेली रक्कम त्या बोलीच्या तिप्पट होती. काम सोपं होतं. इतक्यात बाहेर गाडी थांबली. दीपक खाली वाकून आत आला. मागे गाडीत सखाराम आणि वाडीतले दोघे बसलेले दिसत होते. दीपकच्या तोंडाला दारूचा वास नव्हता, याचीच तिला जास्त भीती वाटली. पिऊन केलेली भांडणं दीपक दुसऱ्या दिवशी विसरायचा.

"कुठं निघालाव?" तिने विचारलं.

"तू तुझं बोट तयार ठेव," तो म्हणाला. "त्याच्या बोटांचं आमी बगतो."

तो गेला. दर्शनाने वाकून पाहिलं, गाडी खालच्या वाडीच्या रस्त्याला वळली. तिच्या शिकवणुकीतून या माणसांनी काय उचललं होतं ते तिला आता कळलं. त्यांना साइट कळली नव्हती, चाली कळल्या नव्हत्या. कळलं एवढंच, की सगळं शेवटच्या मिनिटावर आहे, आणि त्या मिनिटाला रितेशचा हात धरला की काम झालं. हात धरून भागलं नाही तर हात मोडायचा.

तिने फोन उचलला आणि खाली ठेवला. रितेशला सांगितलं तर तो पळणारा नव्हता. तो वाडी गोळा करील, दारामागची कोयती काढील, आणि दीपक तिथून आपल्या पायांनी परत येणार नाही. न सांगावं तर दीपकच्या हातून भाऊ जाईल. एक नवरा, एक भाऊ. दोघेही सारखेच आडदांड आणि सारखेच अकलेने कमी, पण तिला दोघेही धडधाकट हवे होते. पालखी कुणाला मिळते याच्याशी तिला त्या घटकेला काडीचं देणंघेणं उरलं नव्हतं.

मग तिला एक गोष्ट सुचली. भांडण शेवटच्या मिनिटासाठी आहे ना? तर ते मिनिटच काढून टाकायचं. आपला आकडा आत्ताच टाकायचा. समोर कुणीतरी जोरात आहे हे बघून रितेश दोन-चार वेळा चढेल, खिसा चाचपेल आणि नाद सोडून उठेल. त्याने हार मानली की दीपकला तिथे मारायला उरणार काय? तीनला वीस मिनिटं कमी असताना दर्शनाने वाडीची सगळी रक्कम टाकली आणि बटण दाबलं.

पालखी तिच्या नावावर दिसू लागली, रितेशपेक्षा एकच पायरी वर. लगेच रितेशने बोली वाढवली. त्याचं बोट उचलतंय न उचलतंय तोच साइटने तिच्या वतीने त्याच्यावर कुरघोडी केली. तो पुन्हा चढला, पुन्हा खाली आला. दर्शनाने हात मांडीवर ठेवले होते, ती कशालाही शिवत नव्हती, आणि तरी समोर दर खेपेला तिच्या भावाला थोबाडीत बसत होती. तो थांबेना. साइटला दमायचं नव्हतं आणि रितेशला ते कळत नव्हतं. त्याला वाटत असणार, वरच्या वाडीचं कुणीतरी समोर बसून दात काढत आपल्याला हिणवतंय. बोलीचा आकडा बघून माणूस शहाणा होतो असं तिने धरलं होतं. आपल्याच भावाला ती ओळखत असूनही धरलं होतं.

तिने शेवटी फोन लावला. पलीकडे माणसांचा गलका होता. म्हणजे रितेशने सगळ्यांना मोबाइल दाखवायला बोलावलं होतं.

"ताय, तूच हायस ना तिकडं?" तो म्हणाला.

"रितेश, घरातून निघ. आत्ताच्या आत्ता."

त्याने विचारलं, "कोण येतंय?"

"ते नको विचारू, तू निघ," ती म्हणाली.

"येऊ देत," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

दर्शनाने शटर तसंच टाकलं आणि स्कूटर काढली. खालच्या वाडीचा उतार तिने लहानपणापासून हजार वेळा उतरला असेल, तो त्या दिवशी संपता संपेना. माहेरच्या अंगणातल्या खळ्याशी पोचली तेव्हा दीपकची गाडी दारं उघडी टाकून उभी होती, समोरची काच फुटलेली. बरोबर आलेल्या दोघांपैकी एक दगडी गडग्याला टेकून डोकं दाबून बसला होता, त्याच्या बोटांमधून रक्त गळत होतं. दुसरा पळाला होता. खळ्यात, मागून येऊन पोचलेल्या वरच्या वाडीच्या पोरांसकट, दहा-बारा जण काठ्या घेऊन एकमेकांवर तुटून पडले होते. जांभ्याच्या चिऱ्याचे तुकडे उडत होते. एक चिरा तिच्या कानाजवळून गेला.

ओटीवर रितेशने कोयती उगारलेली तिने पाहिली. ती ओरडली. कोयती दीपकच्या उजव्या खांद्यात बसली आणि तिथेच अडकली. दीपक गुडघ्यांवर आला, पण पडला नाही. सखारामने मागून रितेशचा गळा आवळला आणि त्याला ओटीवरच्या बाकावर उताणा पाडला. रितेशचा मोबाइल बाकावर पडला होता, त्याच्यावर घड्याळ पळत होतं. गुदमरत असताना त्याने मोबाइलकडे हात लांबवला. गाढवाला त्या वेळीसुद्धा बोलीच वाढवायची होती.

"हात धर त्येचा, दीपक. हात धर," सखाराम म्हणाला.

दीपकने हात धरला नाही. त्याने डाव्या हाताने स्वतःच्या खांद्यातली कोयती उपटली आणि बाकावर हाणली.

दर्शना ओटीच्या पायरीवर होती. आणखी चार पावलं पुढे असती तर ती मध्ये पडली असती. रितेशची तीन बोटं बाकाखाली पडली आणि तो ज्या आवाजात ओरडला तसा आवाज तिने पूर्वी फक्त डुकराच्या शिकारीत ऐकला होता. माणसं थांबली. तिने ओढणी फाडून भावाचा हात करकचून बांधला, मग उरलेली दीपकच्या खांद्यात कोंबली. दोघांचं रक्त तिच्या कोपरापर्यंत आलं होतं. कमरेला खोचलेला तिचा मोबाइल वाजला. अभिनंदन, पालखी आपली झाली.

दोघांना एकाच गाडीतून रत्नागिरीच्या सिव्हिलमध्ये नेलं. दीपकच्या खाटेजवळ पोलीस बसवला. डॉक्टर म्हणाले, खांद्याचं हाड कापलंय, या हाताने ओझं उचलायचं नाही. रितेशची बोटं बर्फातून नेली होती, पण ती जुळली नाहीत. तिने त्याला पेज भरवली तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. मारामारीच्या तक्रारीत सखारामचं नाव कुठेच नव्हतं. आपण सोडवायला गेलो होतो असं त्याने सांगितलं आणि चार जणांनी मान डोलावली.

पालखी शिमग्याच्या आधी आली. टेंपो वरच्या वाडीत शिरला तेव्हा ढोल तयार होते. मुलांनी फटाक्यांची माळ आणली होती. सखाराम नवा फेटा बांधून उभा होता. वाडीतर्फे पहिला खांदा दीपक द्यायचा, तो आत असल्यामुळे मान आता काकाकडे आला होता. ड्रायव्हरने पालखी खाली उतरवली, फोमचं वेष्टण सोडलं आणि विचारलं, दर्शना कोण, मोबाइलवर नंबर आलाय तो सांगा, त्याशिवाय सामान ताब्यात देता येत नाही.

"सांग गो नंबर," सखाराम म्हणाला.

तिने नंबर सांगितला. ड्रायव्हरने तिची सही घेतली आणि तो गेला. मग दर्शना दारात उभ्या असलेल्या सासूकडे वळली. हौसाबाईंचा एकुलता एक मुलगा कोठडीत होता, आणि तो सुटला तरी शेतात नांगर धरणार नव्हता.

"आत्या, कुऱ्हाड द्या."

हौसाबाईंनी एकदा सुनेकडे आणि एकदा दिराच्या फेट्याकडे पाहिलं. त्या पडवीत गेल्या आणि कुऱ्हाड घेऊन आल्या. कुणाला काही कळायच्या आत पहिला घाव पालखीच्या दांड्यावर बसला. फणसाचं जुनं लाकूड, ते सहज तुटेना. दुसऱ्या घावाला कोरलेला मोर निखळून पडला. ढोलवाल्यांनी हात आखडले. बायका तोंडावर पदर धरून मागे सरल्या.

सखाराम धावून आला. वाडीचे पैसे आहेत, पाप लागेल, हात तोडीन, असं तो बोलत होता. दर्शनाने कुऱ्हाड खाली न आणता त्याच्या दिशेने वळवली.

"पैसे वाडीचे," ती म्हणाली. "बोटं माझ्या भावाची. पुढं या काका, तुमचं पण बगते."

तो जागच्या जागी थांबला. तिच्या डोळ्यांत त्याला जे दिसलं ते खरं होतं. तो आणखी एक पाऊल पुढे आला असता तर तिने घाव घातला असता, आणि तिला वाईटही वाटलं नसतं.

ती घाव घालत राहिली. दांडा तुटला, चौकट मोडली, कळस बाजूला गडगडला. हे केलं की छातीतलं ओझं उतरेल असं तिला वाटत होतं. ते उतरलं नाही. तळहाताला फोड आले, फुटले, कुऱ्हाडीचा दांडा चिकट झाला, आणि तरी तोडायला अजून पुष्कळ पालखी शिल्लक होती.