साडूंची व्हॅन

व्हॅन दोघांच्या नावावर होती आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. विकण्यात अडचण काय ती एवढीच.

दोघं म्हणजे साडू, दोन सख्ख्या बहिणींचे नवरे. थोरल्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण शिलाई मशीनबद्दल त्यांना काही विचारलं की ते उत्तर द्यायचं सोडून शिकवायलाच बसत. धाकटा अंगानं इतका किडकिडीत, की समोरून आला तरी कडेनं आल्यासारखा दिसे. त्याचं नाव सुतळी पडलं आणि त्यालाही ते आवडलं असावं, कारण त्यानं कधी तक्रार केली नाही.

दोघं शिलाई मशीन दुरुस्त करत. दुकान नव्हतं, दुकान म्हणजे ही व्हॅन. वर सायीसारखा रंग, खाली निळा, पुढे गोल डोळ्यांसारखे दोन दिवे. आत दोन्ही बाजूंना फळ्या ठोकलेल्या, त्यांवर पट्टे, बॉबिन, सुयांच्या डब्या, तेलाच्या बुधल्या. गावोगावी जायचं, चौकात उभं राहायचं, आणि बायका-पुरुष आपापली बिघडलेली मशीनं घेऊन येत. व्हॅनला ते आत्याबाई म्हणत. निघताना कुरकुर, चढाला धाप, आणि कुठंही पोचली की सगळ्यांनी बाहेर येऊन विचारपूस केलीच पाहिजे.

मग एकदा सुतळीनं गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मेकॅनिकची नोकरी धरली. मास्तरांना त्यानं सांगितलं नाही. त्यांना ते कळलं एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडून. "आता तुम्ही एकटेच येणार का हो?" तिनं सहज विचारलं. मास्तरांनी मान हलवली, तिचं मशीन दुरुस्त केलं, घरी आले आणि त्या दिवसापासून सुतळीशी बोलायचे बंद झाले. काय झालं, का गेलास, हे त्यांनी विचारलं नाही. सुतळीनंही आपण होऊन तोंड उघडलं नाही.

बहिणी-बहिणींचं येणं-जाणं मात्र पहिल्यासारखंच राहिलं. त्यामुळे जेवायला सगळे एकत्र बसत आणि मास्तर बायकोला म्हणत, "त्याला सांग, मीठ इकडे दे." सुतळी आपल्या बायकोला म्हणे, "त्यांना म्हणावं, हे घ्या." मीठ मधल्या मधे चार हात फिरून येई. मुलं हे बघतच मोठी झाली. साडू म्हणजे असेच असतात, असं त्यांना वाटे.

मास्तरांनी काही वर्षं एकट्यानं फिरती केली. मग डावा गुडघा गेला. आत्याबाईंचा क्लच म्हणजे पायानं दगड ढकलण्यासारखा. ते काही त्या पायाच्यानं होईना. व्हॅन घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. रोज सकाळी मास्तर चहाचा कप घेऊन जात, इंजिन चालू करत, थोडा वेळ ऐकत आणि बंद करत.

"ऐकून काय मिळतं तुम्हाला?" बायको म्हणाली. "तिला गंज चढेल आणि मला शेडमध्ये पाय टाकायला जागा नाही. विका आता."

मुलीनं फोटो काढून जाहिरात टाकली. समुद्रकाठी छोटं अतिथीगृह चालवणाऱ्या एका बाईंना व्हॅन फार आवडली. अट एकच: चालवत आणून द्या, आणि सह्यांना दोन्ही मालक हवेत.

मेहुणीचा फोन आला. "भावोजी, हे येतायत गाडी चालवायला. सुट्टी काढलीय. तुम्ही फक्त शेजारी बसा."

"त्याला सांग—" मास्तर म्हणाले.

"मी कुणाला काही सांगणार नाही," मेहुणी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

सुतळी ठरल्याप्रमाणे आला. डोक्यावरचे केस विरळ झाले होते, बाकी तसाच. त्यानं व्हॅनभोवती एक फेरी मारली, टायरवर टाच आपटली आणि स्टिअरिंगमागे बसला. मास्तर शेजारी बसले. बहिणींनी डबा आणि पाण्याची बाटली आत सरकवली आणि दार लावून घेतलं. मग त्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, ते मास्तरांना आरशात दिसलं.

गाव संपेपर्यंत सगळं ठीक होतं. मोठा रस्ता लागला आणि गिअरनं खरखर केली.

"त्याला सांग, तिसरा टाकताना जरा दम धरायचा," मास्तर म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की सांगणार कोण? गाडीत तिसरं माणूस नव्हतं. ते पुढच्या काचेकडे बघत राहिले.

सुतळीही काचेकडेच बघत होता. "त्यांना म्हणावं, माहितेय मला," तो म्हणाला.

"माहितेय तर मग खरखर कसली?"

"हात विसरलाय म्हणावं. येईल वळणावर."

एवढ्यावर काचेशी बोलणं संपलं. पुढचा सगळा रस्ता आत्याबाईच बोलत राहिल्या.

अतिथीगृह टेकडीच्या उतारावर होतं. बाई पन्नाशीच्या, उत्साही, हाताला माती लागलेली. बागेत काम करत असाव्यात. व्हॅन बघून त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगदी फोटोतल्यासारखी!" त्या म्हणाल्या आणि फळ्यांवरून हात फिरवू लागल्या. जागा आधीच तयार होती: बागेच्या टोकाला दगडी चौथरा, बाजूला वेल चढवायला काठ्या. पाहुण्यांना राहायला खोली करायची होती. आत पलंग, वर छोटा दिवा.

"आणि इंजिन काढलं की पुढे न्हाणीघर बसतं," बाई म्हणाल्या. "प्लंबरनं मोजून बघितलंय."

बाई चहा सांगायला आत गेल्या, तसे मास्तर सुतळीकडे वळले.

"चल. परत न्यायची."

"का?"

"का काय का? इंजिन काढणार म्हणतेय ती! चालती गाडी आहे. तिच्या पोटात नळ बसवणार?"

"त्या गाडीनं चालून चालून आपल्या नाकी नऊ आणले, दादा. आता बसू दे तिला."

"तुला काय त्याचं? तू तर सोडून गेलास."

बोलून झाल्यावर मास्तरांना कळलं की आपण सरळ त्याच्याशीच बोललो. सुतळीलाही ते कळलं असावं. त्यानं खिशातून रुमाल काढला, उगाच हात पुसले.

"त्या वर्षी चौकात किती मशीनं यायची, आठवतं?" त्यानं विचारलं. "लोक तयार कपडे घ्यायला लागले होते. आपण दोघं दिवसभर बसायचो आणि काम असायचं एकाचं. तुम्ही मला जा म्हणाला असता का?"

"नसतो म्हणालो."

"म्हणून गेलो."

"सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतं का?"

मास्तर चौथऱ्यावर बसले. गुडघा लांब केला. हे सगळं त्यांना माहीत नव्हतं, असं नाही. तेव्हाही रिकाम्या चौकात ते मनातल्या मनात हिशेब करत आणि तो अर्धा सोडून देत. पण माणसानं आपल्यासाठी काही केलंय, हे मान्य करण्यापेक्षा त्याच्यावर रागावणं सोपं होतं. ते रागावले, आणि मग राग चालू ठेवायची सवय लागली.

"निदान विचारायचं तरी," ते म्हणाले, पण त्यात फारसा जोर नव्हता.

"तुम्ही पण विचारलं नाहीत."

बाई चहा घेऊन आल्या. दोघांची तोंडं बघून त्या थबकल्या. "काही चुकलं का माझं?"

"इंजिनाचं काय करणार?" मास्तरांनी विचारलं.

"भंगारवाल्याला..." बाई बोलता बोलता थांबल्या. "तुम्हाला हवंय का? मला ते नकोच आहे."

मास्तरांनी सुतळीकडे पाहिलं. सुतळीनं मान हलवून नाही म्हटलं. "ताई शेडमध्ये पाय टाकायला जागा मागतायत. इंजिन नेलंत तर तुम्हालाच शेडमध्ये झोपवतील."

मास्तरांना हसू आलं. ते त्यांनी चहात दडवलं. मग ते उठले आणि बाईंना म्हणाले, "भंगारात नको. शहरात मोटार दुरुस्ती शिकवणारी शाळा आहे, त्यांना फोन करा. पोरं उघडून बघतील, जोडतील. आणि फळ्या काढू नका. पलंग त्यांच्या मापानं करून घ्या." बाईंनी कबूल केलं.

सह्या झाल्या. सुतळीनं किल्ली दिली. निघताना मास्तरांनी व्हॅनच्या टपावर एकदा हात ठेवला. ऊन लागून पत्रा तापला होता. त्यांनी हात लगेच उचलला.

परतीची बस भरलेली होती. सुतळीनं पुढे घुसून दोन जागा धरल्या आणि मास्तरांना वाटेकडच्या जागेवर बसवलं, म्हणजे पाय मधल्या वाटेत लांब करता येईल. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या पायाला अडखळत होता, आणि सुतळी प्रत्येकाला खिडकीजवळून "जरा बघून हो" म्हणत होता. डबा दोघांनी मांडीवर ठेवून संपवला.

"कारखान्यातली मशीनं कशी असतात?" बऱ्याच वेळानं मास्तरांनी विचारलं.

"कंटाळवाणी. बिघडतच नाहीत."

"मग तू काय करतोस दिवसभर?"

"तेल घालतो. आणि पोरींना शिकवतो, धागा का तुटतो ते."

"काय सांगतोस त्यांना?"

सुतळीनं सांगायला सुरुवात केली. मास्तरांनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग ते त्याला अडवून म्हणाले, "चुकीचं सांगतोस. नीट ऐक," आणि शिकवायला बसले.