डोंगरावरची वहिनी

आमच्या दवाखान्यात डोंगरावरची माणसं यायची उशिरा आणि जायची लवकर. सकाळी वॉर्डात फेरी मारावी तर कोपऱ्यातली खाट रिकामी, चादर मात्र नीट घडी करून ठेवलेली. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्यांना. मी तिथे नर्स. खुणा करकरून माझे हात दुखायचे.

वहिनी आली ती नणंदेला घेऊन. दांडक्याला बांधलेल्या झोळीतून चौघांनी त्या पोरीला खाली आणलं होतं. दिवस भरलेले, पाय टम्म सुजलेले. डॉक्टरांनी विचारलं, "डोकं दुखतं?" पोरीने मान हलवली. "ताप होता?" मान हलली. "कळा येतायत?" पुन्हा तेच.

मागून एक बाई पुढे आली. उंचीला बेताची, आवाज मात्र खणखणीत.

"साहेब, ती हो म्हणत नाहीये. तुमचं ऐकतेय, एवढंच."

लहानपणापासून ती खालच्या बाजारात मध विकायला यायची, तिथेच आमची बोली शिकलेली. डॉक्टर म्हणाले, "मग बाई, तुम्हीच विचारा."

तिने नणंदेच्या कानाशी तोंड नेलं. ताप नव्हता, कळाही नव्हत्या. पण कालपासून डोकं फुटायची वेळ आली होती आणि डोळ्यांपुढे अंधारी येत होती. डॉक्टरांचा चेहराच बदलला. रक्तदाब मोजला, लगेच इंजेक्शन दिलं, आणि दिवस मावळायच्या आत ऑपरेशन करून मुलगी झाली. दोघी सुखरूप.

नणंद खाटेवर होती तोवर वहिनी काही हातावर हात ठेवून बसली नाही. पलीकडे डोंगरावरचाच एक म्हातारा होता. छाती भात्यासारखी चालायची, पण ऑक्सिजनचा मास्क लावू देईना. मुलगा त्याला घरी न्यायला निघाला होता. वहिनी म्हाताऱ्याशी बराच वेळ बोलली, मग मला म्हणाली, "सिस्टर, मागे यांचे दोन शेजारी हाच मास्क तोंडावर असताना गेले. यांना वाटतं, तो श्वास ओढून घेतो."

"आता काय करायचं?"

तिने दुसरा मास्क मागितला, स्वतःच्या नाकाला लावला आणि म्हाताऱ्यासमोर बसून गप्पा मारू लागली. म्हाताऱ्याला तिने काय सांगितलं कोण जाणे, तो खोकत खोकत हसला आणि त्याने मास्क लावून घेतला. मी विचारलं तर म्हणाली, "सांगितलं, प्लॅस्टिकचा वास येतो, बाकी तुमच्या सुनेच्या चुलीच्या धुरापेक्षा बरा."

नणंदेला घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी वहिनीला थांबायची विनंती केली. "तुम्ही इथे काम करा. आम्हाला गरज आहे."

"करीन," ती म्हणाली. "पण आधी तुम्ही एकदा वर या."

डॉक्टर गेले, मीही गेले. वाट कसली, ओढ्यातले दगडच. डॉक्टर दर वळणावर बसायचे आणि वहिनी शांतपणे त्यांच्यासाठी थांबायची. वरची घरं स्वच्छ सारवलेली, पण पाणी पार खालच्या झऱ्यावरून आणायचं. एकीने आम्हाला तांब्याभर पाणी दिलं, तेव्हा दोनच घोट घेऊन डॉक्टरांनी तांब्या परत दिला. मग म्हणाले, "या वाटेने कळा सुरू झालेली बाई खाली यायची?"

"येते की. कधी कधी वाटेतच बाळंत होते."

"मग आठवडाभर आधीच का येत नाही?"

"येऊन राहायचं कुठे, साहेब? चूल कुठे मांडायची? घरची पोरं कुठे निजवायची?"

खाली आल्यावर डॉक्टरांनी दवाखान्यामागची अडगळीची खोली रिकामी करायला घेतली. मोडक्या खाटा मी आणि वहिनीने ओढून बाहेर काढल्या. भिंतींना चुना दिला, बाहेर पत्र्याखाली चूल घातली. वहिनी वर जाऊन घरोघरी बसली, सासवांची समजूत काढली. "तुमची सून पळून जाणार नाही," ती सांगायची, "मी आहे ना पहाऱ्याला."

पहिली आली ती सासूसकट. मग हळूहळू इतरजणी. आता त्या खोलीत कायम दोघी-तिघी असतात. चुलीवरून भांडतात, एकमेकींच्या वेण्या घालतात, पोटावर हात ठेवून बाळाच्या लाथा मोजतात. भांडण फारच वाढलं की वहिनीची हाक ऐकू येते, आणि पाठोपाठ सगळ्यांचं हसणं.